चार बोटं बाहेर

वसंता गेल्याला सव्वा महिना झाला. केळव्याहून फोन आला तेव्हा आधी मला त्याचा रागच आला. आमचा एक वाद पुरा व्हायचा होता, आणि हा मध्येच उठून गेला!

तिसरीपर्यंत आम्ही एका बाकावर. मी तिथेच थांबलो. तो शिकत गेला, तो थेट तारापूरच्या बाजूला एका संस्थेत संगणकापुढे जाऊन बसला. काम काय, तर हायड्रोजनची ज्वाला गणितात पेटवायची. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा बोईसरच्या कारखान्यात गॅसच्या नळ्यांवर फिटर. मी विचारायचो, "वसंता, तुझ्या ज्वालेवर चहा तरी होतो काय रे?" तो चिडायचा नाही. त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी केलेल्या नारळाच्या वड्यांचं ताट ओढायचा... "हे बघ, ज्वालेचे असे बारीक तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकडा शेजारच्याला विचारतो, तू किती तापलास, कुठे वळतोस? ती भोवरे घेत उसळते, म्हणून क्षणाक्षणाला विचारायचं." समजावून होईपर्यंत ताट रिकामं.

वर्षभर खपून त्याने ज्वालेचं चित्र काढलं आणि ताडून बघायला परवानगीने आमच्या कारखान्याच्या आवारात हायड्रोजनची नळी उभी करून पेटवली. ही ज्वाला उन्हात दिसत नाही. आम्ही जुने लोक लांब दांड्याला केरसुणी बांधून पुढे धरायचो. ती पेटली की समजायचं, इथे ज्वाला. मी ज्वालेच्या बुडाशी केरसुणी नेली. चित्रातल्या रेषेच्या चार बोटं बाहेरच ती भुर्रकन पेटली.

"हात हलला तुझा," तो म्हणाला.

"माझा हात नाय हलत. तुझं गणित हललंय."

पुन्हा नेली. तीच चार बोटं. त्याच्याबरोबरची शिकलेली माणसं हसली. झाडूने कधी कोणी मोजतं काय? लेख तयार होता, दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. माझा शब्द धरायचा की मशीनचा, ते आता त्याच्या हातात. मी केरसुणी तिथेच टेकवून घरी आलो.

तीन आठवडे हा फिरकला नाही. मग एका रविवारी दारातूनच ओरडला, "अरे आडमुठ्या, तुझी चार बोटं सापडली!" हायड्रोजन सगळ्यांत हलका, घोळक्यातून आधी बाहेर पळतो. वसंताने गणितात सगळ्या वायूंना एकाच चालीने चालवलं होतं. लेख त्याने केरसुणी पेटली त्याच दिवशी थांबवलेला. म्हणाला, "मशीनला मी शिकवलंय. तुला कोणी शिकवलं नाय. मग चूक कोणाची असणार?" त्या दिवशी वड्या माझ्या घरच्या संपल्या.

ती अर्धी जळकी केरसुणी त्याने घरी टेबलाच्या वर भिंतीला टांगली. "जळकी लक्ष्मी घरात?" म्हणत वहिनी कुरकुरल्या, पण दर दिवाळीला तिलाही हळदकुंकू लावत राहिल्या. आणि हा, येईल त्याला ती दाखवून आपली चूक कौतुकाने सांगायचा. शेवटी मात्र माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचा, "पण पहिल्या वेळी याचा हात हललाच होता." मी दरवेळी उसळायचो. वर्षानुवर्षं हेच!

परवा केळव्याला त्याच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमची केरसुणी न्या आता." मी ती खिळ्यावरून काढली, जरा हातात धरली आणि परत टांगली. वहिनी चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा केरसुणीकडे बघून हळूच म्हटलं, "हलला होता रे थोडा. म्हणून तर दुसऱ्यांदा नेली."