मांडीत मुरलेलं तूप

आमच्या घराण्याला डोक्यापेक्षा मांड्यांचा अभिमान जास्त. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते ना! म्हणून मुलग्यांना गरडीत, म्हणजे इथल्या तालमीत, धाडायचं आणि वाटीनं तूप पाजायचं, ही आमची रीत. ते मांसात मुरतं, असं वडीलधारे सांगत. मुलींच्या पोळीवर तूप दिसेल न दिसेल इतकंच पडे, तेव्हा आमच्यात काय मुरणार, कपाळ!

माझ्या धाकट्या भावानं लग्नानंतर गरडी सोडली, वाटी सोडली नाही. नोकरी खुर्चीतली, येणंजाणं स्कूटरवर. म्हैसुरातल्या आमच्या गोकुलम भागात योग शिकायला आलेले परदेशी दिसले की हा त्यांच्या काटकुळ्या पायांना हसायचा. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या तरी स्वतःच्या मांडीवर थाप मारून विचारायचा, "यात कुठं दिसतोय आजार?"

गेल्या वर्षी पाय दुखतो म्हणून मांडीचं स्कॅनिंग झालं. मी सोबत होते. फिल्मवर स्नायूभर पांढऱ्या रेघा. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. ही चरबी कातडीखालची नव्हे, स्नायूच्या आतली. तिच्यामुळे स्नायू इन्शुलिनला दाद देत नाही आणि साखर रक्तातच राहते. चाला, वजन उतरवा, नाहीतर पाय गमवाल.

या शहाण्यानं त्यातलं एवढंच उचललं की चरबी मांसाच्या आत आहे. आल्यागेल्याला फिल्म दाखवत सुटला.

"नोडु अक्का, बघ, लहानपणीचं तूप अजून हाय! मुरलंय, अल्वा? हो की नाही?"

भावजय कौतुकानं हसली. दोघांना बदडून काढावंसं वाटलं मला. आमच्या वडिलांचा पाय याच साखरेपायी कापावा लागला होता, आणि त्यांचा हा सुपुत्र आपला आजार पदकासारखा मिरवत होता. चिडले, ओरडले, पाया पडायची तेवढी राहिले. तो एक दिवस चालला नाही.

यंदा आयुधपूजेला तो पूर्वजांच्या जुन्या तलवारीपुढे पाटावर बसला. आरती झाली, सगळे जेवायला मागच्या अंगणात गेले. हा तिथंच. आधी वाटलं, भक्ती उफाळून आली असेल. मग पाहिलं, तर एक हात जमिनीला, एक भिंतीला, आणि बूड काही सुटत नव्हतं.

"अक्का, हात दे गं," तो हळूच म्हणाला. "कुणाला सांगू नको."

चांगली चार वाक्यं ऐकवायची होती. पण भीतीच वाटली, आणि मी त्याच्या काखेत हात घातला. पाय गेल्यावर वडिलांना आम्ही दोघं असंच उचलायचो, एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं हा. या वेळी मी एकटीच होते, आणि तो मला उचलवेना.