सासऱ्यांच्या अंघोळीचं पाणी

लग्न होऊन मी करावे गावात आले, तेव्हा पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली सून त्या कोळीवाड्यात दुसरी नव्हती. शिकलेलीच मुलगी हवी, हा हट्ट सासऱ्यांचा. सासूबाईंना तो फारसा पटला नव्हता, पण त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत.

सासरे खाडीत मासे धरायला जायचे. थंडीत कमरेपर्यंत भिजून, कुडकुडत घरी यायचे. अंगणात एक जुनी दगडी डोणी होती, चार माणसांनाही जड जाणारी. सासूबाई दोन हंडे पाणी उकळून तिच्यात ओतायच्या, वर विहिरीचं गार पाणी घालायच्या आणि त्यांना अंघोळीला हाक मारायच्या. त्या पौषात लेकीच्या बाळंतपणासाठी सासूबाईंना वाशी गावात जावं लागलं. निघताना मला म्हणाल्या, "यांच्या पान्याकडं बघ. आनि लाकडं जपून वापर, सुकी थोडीच हायत."

लाकडं वाचवायची म्हणून मी गणित मांडलं. विहिरीचं पाणी बावीस अंश धरलं. अंघोळीला बेचाळीस पुरे. एक हंडा उकळत्या पाण्यात तीन हंडे गार मिसळलं, की उकळत्यानं सोडलेली उष्णता गारानं घेतलेल्या उष्णतेइतकी होते आणि मिश्रण जवळजवळ बेचाळीसवरच येतं. सासूबाई इतकी वर्षं दुप्पट लाकडं का जाळत होत्या, याचं मला मनातल्या मनात हसूही आलं.

पहिल्या दिवशी पाणी डोणीत ओतून मी बोटं बुडवली. छान ऊन लागलं. सासरे आले, त्यांनी आधी जाळं वाळत घातलं, ओट्यावर जरा टेकले, मग अंघोळीला बसले. नव्या सुनेनं तिथं थांबायची रीत नव्हती, म्हणून मी आत गेले. नंतर विचारलं, "बाबा, पाणी बरं होतं ना?"

"बेस होतं, बाय."

रोज असंच चालू राहिलं. सासरे बंदरावर सगळ्यांना सांगत होते, की आमच्या सुनेनं अर्धी लाकडं वाचवली. विहिरीवरच्या बायका मला त्यावरून विचारायच्या आणि मी हिशेब समजावून सांगायचे.

सासूबाई परतल्या त्या दिवशी पाणी भरून झालं होतं आणि सासरे ओट्यावर बसले होते. सासूबाईंनी सहज डोणीत हात घातला आणि तसाच ठेवला.

"हे असलं पानी तुमी रोज अंगावं घेत होता?"

"गरम हाय की," सासरे म्हणाले.

"कुटं गरम हाय? मगापासनं खोकता का, ते आता कलतंय मला."

सासरे खाली बघत म्हणाले, "पोरीनं हिसाब करून तापवलं होतं. कसं सांगायचं?"

मी उंबऱ्यात उभी होते. पुढे होऊन पाण्यात हात घालायचाही धीर झाला नाही.

स्वयंपाकघरात बसून मी गणित पुन्हा मांडलं. दगडाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या पाचव्या हिश्शाएवढी असते, पण ती डोणी आतल्या पाण्याच्या पाचपट तरी जड होती. म्हणजे तिला तापायला त्या सगळ्या पाण्याइतकीच उष्णता लागणार. रात्रभर उघड्यावर गारठलेला दगड बेचाळीस अंशांचं पाणी बत्तिसाच्या दिशेनं ओढत होता, आणि तेही सावकाश, माझी बोटं बाहेर निघाल्यावर. कॉलेजात तांब्याचा एवढासा कॅलरीमीटर, म्हणजे उष्णता मोजायचं भांडं, आम्ही काटेकोर वजन करून गणितात धरायचो. तो विसरला तर गुण जायचे. घरची डोणी मात्र मला भांडं वाटलीच नव्हती.

संध्याकाळी मी सासऱ्यांसमोर जाऊन म्हणाले, "बाबा, माझं चुकलं. दगड किती उष्णता घेतो ते मी धरलंच नाही."

"दगूड इतकी घेतो?" त्यांनी खरंच कुतूहलानं विचारलं. मी सांगत गेले आणि ते खोकत खोकत ऐकत राहिले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दोन हंडे ओतले. मी आत भाकरी थापत होते. सासऱ्यांनी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि एक लांब, सुखाचा हुंकार ऐकू आला. मधल्या सगळ्या दिवसांत तो आला नव्हता, आणि तो येत नाही हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.