अक्काचं बी

मागच्या महिन्यात माझ्या सासरच्या गावाहून, ईटहून पुतण्याचा फोन आला, "काकू, आई गेली." शेजारीण विचारत होती, कोण गं? माझी थोरली जाऊ, अक्का, म्हटलं.

अक्काला गाव बियाण्यासाठी ओळखायचं. उभ्या रानातून शाळू ज्वारीची टपोरी कणसं निवडायची, दाणे वाळवून राखेत कालवायची, मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपायची. सोसायटीचं बी येईल तेव्हा येईल, बायका आधी अक्काच्या दारात. बहात्तरच्या दुष्काळात घरात दाणा उरला नाही, तरी "जीव गेला तरी बियाला हात लावायचा न्हाय," म्हणाली. माझी शकू तेव्हा दोन वर्षांची, तापानं फणफणलेली. रेशनची तांबडी मिलो ज्वारी तिच्या पोटात ठरेना. असा संताप आला मला अक्काचा! ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली की मी लिंपण सोडवून पसाभर शाळू काढायची, शकूला पेज पाजायची आणि मडकं पुन्हा लिंपून ठेवायची.

पुढच्या वर्षी पेरणीला अक्कानं मडकं उघडलं, तर अर्धंच! दारात बायका पदर पसरून उभ्या. अक्कानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. मामंजींना कळतं तर त्यांनी मला त्याच पावली माहेरी धाडलं असतं. "कीड लागली, मामंजी," अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्याच हातून राख कमी पडली."

मग तिनं उरलेल्यातले शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली, "बघ गं." दाण्यादाण्याला पांढरं मूळ फुटलेलं, आणि दाणा उलटा असो की आडवा, मूळ खालीच वळलेलं. "ह्यांना कुणी सांगितलं गं, खाली कुठं हाय ते?" अक्का हळूच म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला. वर्षभर अंधारात कोरडाठाक पडलेला दाणा... एवढा जीव त्यात कुठं बसला होता, देवच जाणे! शंभरात चारच मुके निघाले, मूळ न फुटलेले.

पेरणीच्या वेळी तिफणीच्या चाड्यात, त्या लाकडी वाटीत, मुठीनं बी सोडायचं काम अक्काचं. त्या वर्षी तिनं मला उभं केलं. "सुटं सुटं सोड. एवढ्यातच समदं रान पेरायचंय." मी एकेक दाणा मोजल्यासारखा सोडला. आठवड्यानं रानात गेलो, तर काळ्या भुईतून कोंब वर आलेले. एवढासा कोंब, पण डोक्यावरचं ढेकूळ त्यानं बाजूला सारलेलं! मी तिथंच हात जोडले. रान विरळ होतं, पण पिकलं.

बायका मात्र बियाण्याला दुसऱ्या दारी जाऊ लागल्या. अक्का कधी बोलली नाही, मीही नाही. आज शकूला नातवंडं आहेत. तेराव्याला एक म्हातारी म्हणाली, "बाई लई गुणाची, पण तिच्या बियाला कीड लागायची बघ." मी भरल्या ताटावरून उठले, तरी गप्पच राहिले.

ईटच्या बायांनो, त्या मडक्यात कीड नव्हती. ते बी मी चोरलं होतं.