एका प्लगवर दोन यंत्रं

सर्व्हरपुढे नारळ फोडलेला मी पाहिला आहे. पाणी केबलवर जाऊ नये म्हणून खाली स्टीलचं ताट धरलं होतं, आणि ते धरणारा मीच होतो. त्यामुळे या प्रकरणात आपण बाजूला उभे होतो, असं मला म्हणता येत नाही.

मी एका ट्रस्टच्या दवाखान्यांचं संगणकाचं काम बघतो. मोठा दवाखाना मलकापूरला आणि जिल्ह्यात दहा-बारा लहान केंद्रं. सगळीकडे रुग्णांच्या नोंदीची एकच प्रणाली चालते. ती बनवणारे लोक पुण्यात, आमच्या मुख्यालयाच्या शेजारी बसतात. दर दोन-तीन महिन्यांनी त्यांना स्वतःची एखादी चूक सापडते आणि तिची दुरुस्ती ते ‘पॅच’ म्हणून धाडतात. पॅच म्हणजे ठिगळ. पण ठिगळ म्हटलं की कापड फाटलंय हे कबूल करावं लागतं, म्हणून मुख्यालयाच्या पत्रात त्याला ‘उन्नयन’ म्हणतात.

पूर्वी आमची पद्धत साधी होती. मलकापूरला नेट बरं आहे, तिथे पॅच उतरवून घ्यायचा, पेनड्राइव्हवर टाकायचा आणि पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं. मेहकरच्या स्टँडवर ते दुसऱ्या कंडक्टरकडे जायचं. डोणगावला दुपारी, लोणारला संध्याकाळी. एकही पाकीट कधी हरवलं नाही. मग हे पुण्याला कळलं. सुरक्षेच्या कारणास्तव पेनड्राइव्ह बंद. यापुढे पॅच दुरूनच, नेटवरून बसवायचा.

डोणगावच्या केंद्रात नेट म्हणजे खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं एक डोंगल. पॅच पावणेदोन जीबीचा. मध्येच तुटला की पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं मी लेखी कळवलं. उत्तर आलं, ‘सकारात्मक राहावे.’

एप्रिलच्या शेवटी मुख्यालयानं ठरवलं की सगळ्या केंद्रांवर एकाच क्षणी पॅच सोडायचा. सकाळी दहाला, दवाखाने भरलेले असताना. कारण त्यासाठी मलकापूरला समारंभ ठेवला होता आणि पाहुण्यांना तीच वेळ सोयीची होती. अरुंद बोळातून सगळी वरात एकदम काढायची, असा हा बेत. त्याआधी प्रत्येक केंद्राची सज्जता तपासायचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: पर्यायी वीज आहे का? मी डोणगावच्या सिस्टरला फोन केला.

“हाव, इन्व्हर्टर हाय ना भाऊ,” त्या म्हणाल्या.

मी बरोबरची खूण केली. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाली आहे, त्यावर एकाच वेळी एकच यंत्र चालतं, दुसरं लावलं की तो शिट्टी मारून मान टाकतो, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नव्हतं. त्याचा राग मला अजून स्वतःवर आहे.

या सिस्टर सात वर्षं त्या केंद्रात आहेत आणि सातही वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. चालू करार मेअखेर संपत होता. यंदा त्यात नवं कलम आलं होतं: ज्याच्या नावावर ‘प्रणालीचा नियमभंग’ लागेल, त्याचा करार वाढणार नाही. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. मुलगी मेहकरला कॉलेजात.

समारंभात फोन वाजू नयेत म्हणून दारातच आमचे सगळ्यांचे फोन एका प्लास्टिकच्या टोपलीत जमा केले होते. समई पेटली, नारळ फुटला, पाहुण्यांनी बटण दाबलं. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, प्रत्येक केंद्राचा एक लाल ठिपका. पॅच बसला की ठिपका हिरवा होणार. मलकापूरचा ठिपका लगेच हिरवा झाला, कारण सर्व्हर त्याच इमारतीत होता. टाळ्या पडल्या. मग अडीच तास भाषणं. त्यांत ‘शेवटच्या माणसापर्यंत’ हे शब्द किती वेळा आले ते मी मोजायचं सोडून दिलं. शेवटचा माणूस त्या वेळी फोन करत होता आणि फोन टोपलीत होता.

भाषणं संपत आली तेव्हा प्रकल्पाचे साहेब, जे खास पुण्याहून आले होते, नकाशावर उरलेल्या एकाच लाल ठिपक्याकडे बघून म्हणाले, “तो लाल कुणाचा?”

“डोणगावचा,” मी म्हणालो.

“फोटोत यायला नको होता.”

टोपलीतून फोन काढला तर सिस्टरचे तीन फोन येऊन गेलेले. मी लावला.

“भाऊ, उचलला काऊन नाही हो? लाइट दहाच्या आधीच गेली इथं. तुमच्या कम्प्युटरले इन्व्हर्टर देला, तं फ्रीज बंद. त्यात इन्सुलिन हाय, कुत्रं चावल्याची इंजेक्शनं हायत. काटा चारवरून आठवर आला.”

“मग?”

“मग काय? मी प्लग काढला न् फ्रीजचा लावला. पॅच का काय ते एकसष्ट टक्क्यावर होतं. तुमाले इचाराले तीनदा फोन लावला, मंग काढला. आता बोला मले.”

त्यांना काय बोलणार? आठ अंशांच्या वर ती औषधं खराब होतात. फ्रीजच्या दारावर तापमानाचा तक्ता टांगलेला असतो. त्यात त्यांनी पेनानं लिहिलं होतं: ‘११.४०, आठ अंश, फ्रीज इन्व्हर्टरवर घेतला.’ खाली सही. पुण्याच्या संगणकानं त्याच घटनेची आपली नोंद केली होती: ‘वापरकर्त्याने प्रक्रिया बंद केली.’ दोन्ही खरं आहे. पण साहेबांसमोर एकच नोंद होती.

दुपारी साहेबांनी मला अहवालाचा फॉर्म उघडून दिला. अपयशाचं कारण चार पर्यायांतून निवडायचं होतं: वापरकर्ता, नेटवर्क, यंत्र, नैसर्गिक आपत्ती. पॅच पाठवणाऱ्यांची चूक, असा पाचवा पर्याय कुणाला सुचला नव्हता.

“नेटवर्क लिहू नका, सगळीकडे नेटवर्क सज्ज असल्याचं आपण आजच जाहीर केलंय,” ते म्हणाले. “वापरकर्ता लिहा. नोंद तेच सांगते.”

“त्यांची नोकरी जाईल.”

“प्रक्रिया आहे, व्यक्तिगत काही नाही. बाईंनी परवानगी घ्यायला हवी होती.”

“मागितली होती. तीनदा.”

“कुणाकडे?”

“माझ्याकडे. माझा फोन तुमच्या टोपलीत होता.”

त्यांनी हातातली कचोरी बशीत ठेवली. “तुम्ही फार भावनिक होताय.”

मी भावनिक झालो नव्हतो. मला राग आला होता. त्या दोन्हींतला फरक न कळणारी माणसंच बहुधा प्रकल्पप्रमुख होतात. त्यांच्यासमोर मी आवाज चढवला नाही, हे मला आजही भूषणावह वाटत नाही.

फॉर्म मी कोराच सोडला आणि साध्या कागदावर दीड पान लिहिलं. वीज गेल्याची वेळ, इन्व्हर्टरची अवस्था, तापमानाच्या तक्त्याचा फोटो, माझ्या फोनवरच्या तीन हुकलेल्या फोनांचा फोटो, आणि सज्जतेच्या फॉर्मवर चौकशी न करता केलेली माझी खूण. कारण या शीर्षकाखाली लिहिलं: ‘सकाळी दहाची वेळ, आणि मी.’ तो कागद मी साहेबांना आणि ट्रस्टच्या सगळ्या विश्वस्तांना एकदमच पाठवला. एकाच क्षणी सगळीकडे सोडायची कला मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

माझ्या नावानं ताकीद आली. संपर्कात न राहिल्याबद्दल. फोन कुणी काढून घेतला होता, याचा उल्लेख त्यात नव्हता.

सिस्टरचं काय झालं ते मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत कळेना. रोज त्यांचा फोन यायचा. “आलं का हो काही?” नाही, म्हणायचो. एका सकाळी त्यांनीच सांगितलं की करार आलाय, अकरा महिन्यांचा. पण सोबत एक हमीपत्र जोडलंय: ‘मी यापुढे संगणक प्रणालीच्या कामात कोणत्याही कारणास्तव अडथळा आणणार नाही.’ त्यावर सही केली तरच करार लागू.

मी फोनवरच शिव्या दिल्या. पुण्याला, साहेबांना, त्या ‘कोणत्याही’ला. म्हणालो, सही करू नका, आपण पुन्हा लिहू.

“तुमी लिहा भाऊ, तुमची नोकरी पर्मनंट हाय,” त्या म्हणाल्या. “मले पोरीची फी भराची हाय. मी सही करून राह्यली.”

त्यांना सही करू नका सांगायचा अधिकार मला कोणी दिला होता?

आठवड्याभरानं ते हमीपत्र मुख्यालयाच्या शिक्क्यासह फायलीला लावायला माझ्याकडे आलं. ‘स्वीकृत’, आणि खाली साहेबांची लांबलचक सही. वर सिस्टरची सही होती, आणि सहीच्या वर, छापील वाक्याच्या शेवटी उरलेल्या जागेत, तक्त्यावरच्याच सुबक अक्षरात त्यांनी चार शब्द वाढवले होते: ‘फ्रीज बंद नसेल तर.’