विलायतेतली येळवस

आमची सासू चंद्रव्वा, हट्टी म्हणजे लई हट्टी! सगळे तिला अव्वा म्हणतात, मीही म्हणते. सोलापुरात येऊन दोन वर्षं झाली, तरी सकाळी दारात उभी राहून आभाळ बघते आणि गावाकडच्या ज्वारीची काळजी करते. शेत वाट्यानं दिलंय, काळजी करणारे दुसरे आहेत. पण तिला सांगणार कोण?

गाव अक्कलकोटच्या पलीकडं. माझे सासरे वीरभद्रप्पा, सगळ्यांचे आप्पा, गेले आणि आम्ही अव्वाला इकडं आणलं. तेव्हापासून आमची येळवस बंद. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या; त्या दिवशी शेतात कडब्याची टोकदार कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पूजा मांडायची, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील न्यायची. मग घरच्या कर्त्यानं मडकं घेऊन उभ्या पिकावर आंबील शिंपत शेताला फेरी मारायची, मागून दुसऱ्या कुणी पाणी शिंपत चालायचं. त्याला चरगा म्हणतात. तो फिरून आला की पंगत बसते. यंदा तरी जाऊ या, म्हणून अव्वा महिनाभर मागं लागली होती. आमचे हे ऐकतील तर शपथ! "आप्पा न्हाईत, तितं जाऊन काय करू?" एवढंच बोलायचे आणि उठून जायचे.

त्यात एक दिवस हे टॉवेलच्या कारखान्यातून जुनी तसबीर घेऊन आले. मालकानं ऑफिस नवं केलं, तेव्हा काढून टाकलेली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, बारीक काळ्या रेघांचं शेताचं चित्र. चौकट मात्र सागवानी. चित्र काढून तिच्यात आप्पांचा फोटो बसवायचा, असा यांचा बेत.

यांनी पक्कड हातात घेतली, तोच अव्वा ओरडली, "थांब की रे! कोप हाय ती!"

आम्ही वाकून बघितलं. शेतात टोकदार काहीतरी उभं होतं, शेजारी माणसं बसली होती. लांब एक माणूस एकटाच, काखेत काहीतरी धरून, दुसरा हात पुढं केलेला.

"राखणदार असंल," हे म्हणाले.

"राखणदार मडकं घिऊन फिरतोय व्हय? चरगा शिंपतोय त्यो. आन ही बाई बघ, भज्जी झाकून बसलीया. त्यो आल्याबिगर वाढायची न्हाय ती."

मी खालची इंग्रजी ओळ वाचली. अगं बाई! गाव विलायतेतलं. कोप कसली, गवताची गंजी होती ती. यांनीही वाचलं, बोलायला तोंड उघडलं. मी असे डोळे वटारले की तोंड मिटलं. म्हातारी खुशीत आहे, तुमचं काय जातंय?

पण हे पुन्हा चित्रावर वाकले. त्या एकट्या माणसाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अव्वा, आन त्यो माघारी आलाच न्हाय तर?"



अव्वा पदरानं काच पुसत होती. "मग पोरानं मडकं उचलायचं," ती म्हणाली. "समद्यांना उपाशी ठिवायचं व्हय रे, सिद्धू?"

यांनी पक्कड खाली ठेवली. एवढा मोठा माणूस, बाहीनं डोळे पुसायला लागला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

"मला शिंपायला येत न्हाय," हे म्हणाले. "आप्पांनी कदी मडकं हातात दिलंच न्हाय."

"आरं, त्यांना तरी कुटं येत हुतं?" अव्वा हसली. "पैल्या साली निम्मी आंबील अंगावरच सांडली त्यांनी. मी मागनं पाणी शिंपत चालले हुते. आताबी चालते की."