एक पायरी चालेल

आमच्याकडे पाहुणे आले की नवरा त्यांना आधी चहापाणी विचारत नाही, डेक दाखवतो, घरामागचा फळ्यांचा उघडा चौथरा. स्वयंपाकघरातून सरळ मागच्या काचेच्या दारापाशी नेतो, दार सरकवतो आणि सुरू होतो. हे नुसतं लाकूड नाही, लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून केलेल्या फळ्या आहेत. रंग द्यायला नको, पॉलिश नको, सडत नाही, पायात कुसळ जात नाही. "लो मेंटेनन्स," असं म्हणून तो फळीवर टाच आपटून दाखवतो. ती टाच आपटली की माझं डोकं फिरतं. मग मी आत जाऊन विनाकारण भांडी घासते.

मिनेसोटात, ईडन प्रेरीत राहायला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली. घराबरोबर मिळालेला जुना डेक साध्या लाकडाचा होता आणि इथल्या थंडीने त्याची पार रया गेली होती. बर्फ वितळला की पाणी फळ्यांत मुरायचं, रात्री गोठायचं आणि फळ्या तडकायच्या. तो बदलायला हवा हे आम्ही दर उन्हाळ्यात बोलायचो आणि दर हिवाळ्यात विसरायचो. ज्या वर्षी तो खरोखर बदलला, त्या वर्षी माझी आई येणार होती.

आई पुण्यात एकटी राहते. आदल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून ती वॉकर घेऊन चालते. सपाट जमिनीवर छान चालते. पायरी आली की संपलं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये गॅलरीच्या दाराला उंबरठा नाही. सकाळचं ऊन आलं की ती गॅलरीत खुर्ची टाकून बसते, मांडीवर ताट घेऊन मेथी निवडते आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करते. अख्ख्या दिवसात तिला स्वतःसाठी हवं असतं ते एवढंच. ते तिला माझ्या घरीही मिळावं म्हणून मी डेकचा विषय पुन्हा काढला होता. रंग कुठलाही घे, कठडा कसाही कर, मला एकच गोष्ट हवी, असं मी नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारातून डेकवर सपाट जाता आलं पाहिजे. "हो गं, डन," तो म्हणाला.

मग त्याचा अभ्यास सुरू झाला. आमच्या घरात टोस्टर घ्यायचा तरी आधी त्यात पीएच.डी. करावी लागते, हा तर डेक. या फळ्या म्हणे थंडीत आखडतात आणि उन्हात लांबतात. त्यामुळे ज्या दिवशी बसवायच्या त्या दिवशीचं तापमान बघून दोन फळ्यांच्या टोकांमध्ये फट ठेवायची, थंडी असेल तर जास्त, ऊन असेल तर कमी. नाहीतर उन्हाळ्यात त्या एकमेकींना रेटून वर उचलल्या जातात. हे त्याने मला जेवताना सांगितलं, गाडीत सांगितलं, झोपताना सांगितलं. "त्यांना हलायला जागा द्यावी लागते गं," असं तो इतक्या मायेने म्हणायचा की मला हसू यायचं. माझ्या दोन बाळंतपणांत मिळून त्याने माझी एवढी चौकशी केली नव्हती. तेव्हा हसले, त्याचा आता राग येतो.

आई मे महिन्यात आली आणि त्याच सुमाराला काम सुरू झालं. कॉन्ट्रॅक्टर उंच, कमी बोलणारा माणूस होता. मी ऑफिसला गेले असताना त्याने नवऱ्यापुढे एक प्रश्न ठेवला. एवढ्या बर्फाच्या मुलखात डेक दारापेक्षा एक पायरी खाली ठेवलेला बरा, नाहीतर बर्फ दाराला टेकून साठतो आणि वितळलं की पाणी भिंतीत शिरतं. हे खरंच आहे, मी त्याला दोष देत नाही. त्याने आतला वॉकरही पाहिला होता. पायरी ठेवू आणि तिच्यावरून उतरता रॅम्प करून देऊ, अर्ध्या दिवसाचं काम आहे, असंही तो म्हणाला होता. नवऱ्याने रॅम्पला नको म्हटलं. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा खालचा सांगाडा उभा राहिला होता आणि दारापेक्षा चांगला वीतभर खाली होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"एकच पायरी आहे. आणि मी आईंना विचारलंय."

"काय विचारलंस?"

"एक पायरी आली तर चालेल का, असं."

"मग?"

"चालेल म्हणाल्या."

हा माणूस पुण्यात जन्मला, पुण्यात वाढला. सासूच्या तोंडचं 'चालेल' म्हणजे काय हे त्याला कळत नाही, यावर मी मरेपर्यंत विश्वास ठेवणार नाही. चहा गार झाला, दुसरा टाकू का? चालेल हाच. भाजीत मीठ नाही. चालेल. एसीखाली झोपाल का? चालेल, अंगावर शाल आहे की. माझ्या आईने आयुष्यात जावयाला कधी 'नाही' म्हटलेलं नाही. लेकीच्या घरी जावयापुढे तोंड उघडायचं नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं आणि तिने ते मुकाट्याने पाळलं. आमच्याकडे ज्याला सोय हवी असते तो चालेल का विचारतो आणि ज्याची गैरसोय होते तो चालेल म्हणतो. आणि इथे तर जिला चालताच येत नाही तिला विचारलं होतं, चालेल का. तिने चालेल म्हटलं आणि याने ते खिशात घातलं.

मी आईकडे गेले. "तू नाही का म्हणाली नाहीस?"

"अगं, कशाला? माझ्यापायी त्यांच्या भिंतीत पाणी शिरायचं," ती म्हणाली. "आणि आवर्जून विचारायला आले होते बिचारे."

बिचारे. त्या एका शब्दावर मी तिच्याशीही भांडले असते.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, रॅम्प लाव. तो म्हणाला, "यार, हॉस्पिटलसारखं दिसेल ते. उद्या घर विकायला काढलं तर रिसेलला मार खाईल." मी गप्प राहिले, कारण माझ्या तोंडातून काय निघेल याची मलाच भीती वाटत होती. माझं गप्प बसणं त्याला बहुतेक संमती वाटली. त्याने पुढे म्हटलं, "आणि सहा महिन्यांसाठी?"

व्हिजिटर म्हणून आलेल्या आईवडिलांना इथे साधारण तेवढंच राहू देतात. त्याने नियमच सांगितला, पण मला ऐकू आलं ते असं की जे माणूस परत जाणार आहे त्याच्यासाठी घर कशाला वाकवायचं. फळ्यांसाठी थर्मामीटर बघणाऱ्या माणसाने हे म्हणावं, याची चीड मला अजून येते, लिहितानाही येते आहे.

दुसऱ्या दिवशी मीच कॉन्ट्रॅक्टरला फोन लावायला घेतला. आईने माझ्या हातातून फोन काढून टेबलावर ठेवला. "माझ्यावरून तुमच्या दोघांत नको. माझी शपथ आहे तुला." या शपथेपुढे मी लहानपणापासून हरत आले आहे. सॉफ्टवेअर कंपनीत वीस माणसांची टीम सांभाळते, पण आईची शपथ मोडायची हिंमत माझ्यात नाही. तिने ती हुकमाच्या पत्त्यासारखी वापरली, आणि तीसुद्धा स्वतःविरुद्ध.

डेक पूर्ण झाला. दिसायला देखणा होता, खोटं का बोलू. उरलेल्या लांब फळ्या कॉन्ट्रॅक्टरने डेकच्या खाली नीट रचून ठेवल्या. पुढेमागे लागतील, असं म्हणाला.

एकदा आम्ही प्रयत्न केला. मी खाली उभी राहिले, आईने वॉकरचे पुढचे दोन पाय पायरीखाली टेकवले. मागचे वरच राहिले. वॉकर पुढे कलला, त्याबरोबर तीही झुकली आणि मला तिला उचलूनच आत घ्यावं लागलं. ती खुर्चीत बसून बराच वेळ पदराने तोंड पुसत होती. त्यानंतर मी विचारलं की म्हणायची, "इथूनच दिसतं की सगळं." आणि उन्हाळाभर ती काचेच्या दाराच्या आतल्या बाजूला, डासांच्या जाळीमागे खुर्ची टाकून बसली. मेथी तिथेच निवडायची. ऊन दारापाशी येऊन थांबायचं. ती पाय लांब करून तळवे तेवढे उन्हात धरायची.

जुलैत नवऱ्याने इथल्या मराठी मंडळातल्या मित्रांना जेवायला बोलावलं. सगळे डेकवर. हातात प्लेटी, तोंडात कौतुक, "सॉलिड झालाय रे", "आम्ही पण हाच घेणार", आणि त्याची टाच. एका मित्राची बायको आत डोकावून म्हणाली, "काकू, बाहेर या ना, किती छान हवा आहे."

"असू दे, मला इथे चालेल," आई म्हणाली.

"तुझ्या सासूबाई किती साध्या रे," ती बाई नवऱ्याला म्हणाली. "काही म्हणजे काही लागत नाही त्यांना."

"एकदम लो मेंटेनन्स," नवरा म्हणाला आणि सगळे हसले. जाळीच्या आतून आईसुद्धा हसली. मी भाजीचं भांडं टेबलावर इतक्या जोरात ठेवलं की सगळे माझ्याकडे बघायला लागले, पण मी बोलले काहीच नाही. पाहुण्यांदेखत तमाशा करायचा नाही, ही माझी शिकवण. आईने तिच्या आईकडून घेतली तशीच मी तिच्याकडून घेतली असणार.

ऑक्टोबरच्या शेवटी आई पुण्याला परत गेली. त्या डेकवर तिचं पाऊल एकदाही पडलं नाही.

जानेवारीत नवरा डेकवरचा बर्फ काढायला गेला. प्लॅस्टिकचं फावडं घेऊन, कारण लोखंडी फावड्याने फळ्यांवर ओरखडे येतात. ताज्या बर्फाखाली काचेसारखा पातळ थर गोठला होता. त्याच पायरीवरून त्याचा पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. मला वाईट वाटलं. तो कळवळत होता, मीच त्याला उठवलं, गाडीत घातलं, रात्रभर उशाशी बसले. पण त्याच्या दुखण्याने माझा राग कमी झाला नाही, हेही तितकंच खरं आहे.

त्याला चालायला काहीतरी हवं होतं. कपाटात आईचा वॉकर होता. पुण्यात तिच्याकडे दुसरा होता, म्हणून हा पुढच्या वेळी लागेल असं म्हणून तिने घडी करून इथेच ठेवला होता. नवऱ्याने तो उंचीला वाढवून घेतला. मार्चमध्ये ऊन पडायला लागलं तसा तो काचेच्या दारापाशी येऊन बसायला लागला, आईच्या जागी, आईच्या खुर्चीत. आणि मला म्हणाला, "वेडं व्हायला होतं गं आत बसून बसून."

त्याच आठवड्यात त्याने कॉन्ट्रॅक्टरला बोलावून रॅम्प करून घेतला. हॉस्पिटल आठवलं नाही, रिसेल आठवला नाही. फळ्या विकत आणाव्या लागल्या नाहीत. डेकखाली उन्हाळाभर पडून होत्या त्याच पुरल्या, आणि काम खरंच अर्ध्या दिवसात संपलं. खुर्चीत बसून नवरा बाहेर कॉन्ट्रॅक्टरला ओरडून विचारत होता, गार आहे आज, फट जास्त ठेवलीस ना?

रविवारी त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फिरवून फिरवून रॅम्प दाखवला. आई पुण्याच्या घरात पलंगावर बसली होती. हिवाळ्यात तिचा दुसराही पाय कुरकुरायला लागला होता आणि गॅलरीपर्यंत जाणंही बंद झालं होतं.

"वा, छान झालं हो," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, मला तिचा आवाज कळतो. "फार बरं झालं. तुमची सोय झाली."

"आता तुम्ही या, आई," नवरा म्हणाला. "तुमच्यासाठी एकदम सपाट आहे आता. या उन्हाळ्यात यायचं. चालेल ना?"

मी ओट्यापाशी उभी होते. हातातलं फडकं तसंच धरून ऐकत राहिले.

"नाही हो," ती म्हणाली. "आता नाही चालणार."

नवऱ्याने आवाज तुटला असेल म्हणून फोन कानाशी नेला आणि तिला पुन्हा विचारलं.