देवाच्या कोंडीतले मासे

आमच्या गावची नदी सह्याद्रीच्या सदाहरित रानातून खाली उतरते. दुपारीही तिथे उन्हाचे कवडसेच पडतात. देवराईपाशी तिची एक कोंड, म्हणजे खोल डोह आहे. त्या कोंडीतले मासे देवाचे. ते कुणी मारत नाही, उलट सकाळी मूठभर भात टाकतात. माझे वडील त्या देवाचे गुरव. देवराईतली वाळकी फांदी उचलायची असली तरी गाव आधी कौल लावतं. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वडिलांनी प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. देवाने हो म्हटलं की त्या माणसाला गावात कुणी अडवत नाही.

तालुक्याच्या शाळेत शिकून मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि नव्वदीच्या दशकात दिल्लीत सरकारी नोकरीला लागलो. तिथे माझ्या विभागाचे साहेब पुण्याचे होते. त्यांनी मला लक्ष्मीबाई नगरातल्या आपल्या क्वार्टरची मागची खोली दिली, टिपण कसं लिहायचं ते शिकवलं, वहिनींनी सणासुदीला वाढलं. हे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

जेवताना मी नदीच्या गोष्टी सांगायचो. साहेब म्हणायचे, "अरे यार, हे जंगल वाचलंच पाहिजे. मला एकदा घेऊन चल."

मी रजा काढून त्यांना घेऊन गेलो. कोंडीवर त्यांनी स्वतः भात टाकला. मासे वर आले तसे ते हात जोडून उभे राहिले. मग वडिलांना म्हणाले, "रिटायर झालो की इथेच येऊन ही नदी राखेन म्हणतो. देवाला विचाराल का?"

वडिलांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच दिवशी गाव जमवलं. प्रश्न साहेबांच्याच शब्दांत विचारला. उजवी पाकळी पडली.

पुढच्या वर्षी साहेबांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, दिल्लीतच द्वारका भागात सोसायटीचा फ्लॅट घेतला आणि गुडगावच्या एका नव्या कंपनीत रुजू झाले. मला वाटलं, मुलांच्या शिक्षणासाठी असेल. मग गावाहून कळलं की साहेबांनी नदीकाठच्या जमिनी कंपनीसाठी विकत घेतल्या. कौल मिळालेला माणूस म्हणून सगळ्यांनी मुकाट सह्या केल्या. कोंडीभोवती तारेचं कुंपण आलं, आत लाकडी खोल्या उठल्या आणि दिल्ली-मुंबईचे पाहुणे गळ टाकून मासे धरू लागले.

मी द्वारकेला गेलो. वहिनींनी नेहमीसारखे पोहे केले. दिवाणखान्याच्या भिंतीवर साहेबांचा मोठा फोटो होता. कोंडीच्या काठावर ते उभे, दोन्ही हातांवर आमचा मासा.

"पकडून परत सोडतो आम्ही," माझी नजर पाहून साहेब म्हणाले. "बिल्कुल सायंटिफिक."

"तुम्ही राखणार म्हणाला होतात."

"राखतोच आहे. कुंपण कुणी घातलं? तुमच्या गावाला जमलं असतं?" मग हसून म्हणाले, "आणि माझ्यावर का चिडतोस? परवानगी तर तुमच्या देवानेच दिली."

वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. पोहे मी खाल्ले. त्या घरात ताट टाकून उठायची मला सवय नव्हती.

गावी गेलो तेव्हा वडील देवळाच्या पायरीवर बसले होते.

"सायबाक विचारलंस?"

"विचारलं. देवानेच हो म्हटलं, असं म्हणाले."

त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. "देवान हो म्हटल्यान, ता खरा," ते म्हणाले. "पण सवाल मी घातलंय. सायबाच्या तोंडचो."

मला त्यांनी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांनी कौल लावला नाही. म्हैस आजारी पडली, लग्न अडलं, कुणी दारात आलं की ते शेजारच्या गावचा रस्ता दाखवतात. आई मात्र अजून रोज सकाळी कोंडीसाठी मूठभर भात बाजूला काढते. कुंपणापाशी पहारेकरी आत सोडत नाही, म्हणून तो भात अंगणात कोंबड्यांना जातो.